धुरा वापस कसा करावा

नंदकिशोर भास्करवारांच्या वेबसाइटवर पहिल्या चार महिन्यांत एकोणीस माणसं येऊन गेली, आणि त्यांतली अकरा घरातली नाहीतर नात्यातली होती. उरलेल्या आठ जणांबद्दल संगणक एवढंच सांगत होता की ती सरासरी नऊ सेकंद थांबली आणि निघून गेली.

"नऊ सेकंद!" ते बायकोला, रजनीताईंना म्हणाले. "एवढ्यात तर माणूस चपला बी काढत नाही."

रजनीताई मेथी निवडत होत्या. "नसंल समजलं त्याइले," त्या म्हणाल्या. "मले बी नाही समजलं."

नंदकिशोर मे महिन्यात निवृत्त झाले होते. तेहेतीस वर्षं ते भूकरमापक होते, म्हणजे नकाशा घेऊन शेत मोजायचं आणि कोणाची हद्द कुठवर ते दाखवायचं, हे त्यांचं काम. आर्णी, केळापूर, मारेगाव, सगळे तालुके त्यांनी पायांखाली घातले होते. गावोगाव त्यांना 'मोजणीसाहेब' म्हणत. निवृत्तीनंतर यवतमाळच्या घरी बसल्यावर त्यांच्या मनानं घेतलं की हद्दीवरून जी भांडणं होतात, त्यांतली निम्मी निव्वळ माहिती नसल्यामुळे होतात, तेव्हा आपल्याला जे ठाऊक आहे ते लिहून ठेवावं. मुलगा साकेत नागपूरला नोकरीला होता. त्यानं एका रविवारी वेबसाइट उघडून दिली, आणि नंदकिशोरांनी चष्मा पुसून बावीस लेख लिहिले. पहिल्याच लेखाचं नाव होतं 'शेतजमिनीच्या सीमा निश्चितीबाबतची कार्यपद्धती व तत्संबंधी तरतुदी'. हे नाव सुचायला त्यांना दोन दिवस लागले होते.

दिवाळीच्या आठवड्यात त्यांनी हा नऊ सेकंदांचा विषय सुनेपुढे काढला. प्राची, साकेतची बायको, यवतमाळच्याच घरी वरच्या खोलीत बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. कंपनी कुकर, तवे, मिक्सर इंटरनेटवरून विकायची, आणि लोक गूगलवर नेमके कोणते शब्द टाकून या वस्तू शोधतात, हे हुडकून काढायचं काम प्राचीकडे होतं. घरात तिच्या कामाबद्दल कोणाला फारसं कळत नव्हतं. 'संगणकावर काहीतरी करते' इतकंच.

तिनं सासऱ्यांचा पहिला लेख वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाली, "बाबा, एक विचारू? 'सीमा निश्चिती' असं तुम्हाला शेतात कधी कोणी म्हणालं का?"

"शेतात? शेतात कोण म्हणते असं!"

"मग काय म्हणतात?"

"धुरा. शेजाऱ्यानं माहा धुरा कोरला, म्हणते."

"माझ्या माहेरी, मारेगावातही तेच. आमच्याकडे बांध कोणी म्हणत नाही, सीमा तर नाहीच. मग तुमच्या बावीस लेखांत धुरा कुठं आहे?"

नंदकिशोर जरा चिडले. "अवं, तो बोलाचा शब्द झाला. लिव्हाचा शब्द वेगळा असते."

"माणूस गूगलशी बोलतो, बाबा. त्याला अर्ज करत नाही."

तिनं तिचा लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर एक रिकामा चौकोन होता. त्यात शब्द टाकला की महिन्याकाठी अंदाजे किती लोक तो शब्द शोधतात, ते साधन सांगायचं, आणि खाली त्याच्या आसपासचे, लोकांनी खरोखर टाकलेले शब्द यायचे. प्राचीनं 'शेतजमीन सीमा निश्चिती' टाकलं. आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ आली.

"म्हणजे?"

"म्हणजे मोजण्याइतकं कोणी विचारतच नाही."

मग तिनं 'धुरा' टाकलं. आकडा हजारांत गेला. नंदकिशोर खुर्चीत पुढं सरकले. "अरे बापा! एवढे लोक?"

"थांबा, हुरळून जाऊ नका." तिनं खालची यादी उघडली. संघाची धुरा कोणाकडे. पक्षाची धुरा. धुरा सांभाळणे अर्थ. "बघा. हे क्रिकेटवाले, हे राजकारणवाले, आणि हा एक निबंध लिहिणारा पोरगा. यातला एकही तुमच्या शेतात यायचा नाही."

"मग आकड्याले काय अर्थ राह्यला?"

"आकडा नंतर. आधी शोधणाऱ्याला काय पाहिजे ते ओळखायचं. आता माझ्याकडे कोणी 'कुकर शिट्टी' शोधलं, तर त्याला नवी शिट्टी विकत पाहिजे, की कुकरची शिट्टी होत नाही म्हणून तो वैतागला आहे? शब्द तेच, माणूस वेगळा. हे चुकलं की तुम्ही कितीही लिहा, तो नऊ सेकंदांत जातो."

तिनं 'शेताचा धुरा' टाकलं. आकडा लहान आला, पण खाली जे उलगडत गेलं ते बघून नंदकिशोरांनी चष्मा काढून पुन्हा घातला. धुरा कोरला तर काय करावे. शेजारी दरवर्षी धुरा नांगरतो. धुऱ्यावरचं झाड कोणाचं. पांदण अडवली कुठे सांगावे. सामायिक धुरा म्हणजे किती फूट. जणू त्यांच्या जुन्या कार्यालयाच्या व्हरांड्यातली सगळी माणसं एकाच वेळी बोलायला लागली होती.

त्या दिवसापासून त्यांनी लेख पुन्हा लिहायला घेतले. लांबलचक नावं गेली. 'धुरा कोरला तर काय करावे' हेच लेखाचं नाव झालं, आणि पहिल्याच ओळीत उत्तर. प्राचीनं त्यांना आणखी एक जागा दाखवून दिली होती. त्यांची पानं गूगलवर कोणत्या शब्दांना दिसली, त्याची यादी तिथं यायची. नंदकिशोर सकाळचा चहा घेता घेता पेपराआधी ती यादी वाचायला लागले. डिसेंबर उजाडेपर्यंत महिन्याला तीनशेच्या वर माणसं येत होती. पण आकड्यापेक्षा त्यांना यादीचीच गोडी लागली.

एकदा तर त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन ती मोठ्यानं वाचून दाखवली. "हे ऐक. 'मोजणीवाले साहेब येतात त्याले जेवण द्याव लागते का'."

रजनीताई हसून लोटपोट झाल्या. नंदकिशोरही हसले, पण नंतर बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. तेहेतीस वर्षं ते जेवले होते. कधी भाकर, ठेचा आणि कांदा, कधी खास त्यांच्यासाठी केलेला बुंदीचा बेत. आपण नको म्हटलं असतं तर बरं झालं असतं का? समोर उभा असलेला माणूस 'साहेब, तुमीच पाहून घ्या' एवढंच बोलायचा, आणि त्यांना वाटायचं की माणसांना विचारायचं असं फारसं काही नसतंच. आता कळत होतं की विचारायचं सगळंच होतं, फक्त साहेबांना नव्हतं विचारायचं.

डिसेंबरच्या मध्यावर यादीत एक ओळ दिसली. धुरा वापस कसा करावा.

दुसऱ्या आठवड्यात ती पुन्हा आली. जरा बदलून, 'धुरा वापस करणे' अशीही आली. नंदकिशोरांनी ती प्राचीच्या साधनात टाकून पाहिली. आडवी रेघ.

"सोडून द्या, बाबा," प्राची म्हणाली. "एवढ्यासाठी पान लिहिणं परवडत नाही. आमच्या कंपनीत तर बघूसुद्धा देणार नाहीत."

"पण आठ-दहा जण तं इचारून राह्यले ना?"

"असतील तेवढे."

"मग त्याइनं कोणाले इचाराव?"

प्राचीनं हात टेकले. नंदकिशोरांनी दोन दिवस बसून पान लिहिलं. कोरलेला धुरा वापस कसा मिळवावा. मोजणीचा अर्ज कसा करायचा, शेजाऱ्यानं ऐकलं नाही तर पुढं काय, पुरावे कोणते जपून ठेवायचे, सगळं आलं. शेवटी आपला फोन नंबर दिला. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी ते वेबसाइटवर टाकलं, आणि प्रश्न मिटला असं समजून ते पांदणीच्या, म्हणजे शेतरस्त्याच्या, लेखाकडे वळले.

पंधरा दिवसांनी दुपारी फोन वाजला.

"मोजणीसाहेब का?" बाईचा आवाज होता, वयस्कर, पण ठणठणीत. "तुमी ते धुऱ्याचं लिवलं हाय ना मोबाइलमंदी?"

"हो, मीच. बोला."

"ते उलटं लिवलं हाय तुमी."

नंदकिशोर ताठ बसले. नोकरीत त्यांची मोजणी चुकली असं कोणी सिद्ध केलं नव्हतं. "काय उलटं लिवलं?"

"मी इचारलं, धुरा वापस कसा कराव. तुमी लिवलं, वापस कसा घ्याव. मले घ्याचा नाही. मले द्याचा हाय."

तेहेतीस वर्षांत हजारो अर्ज त्यांच्या हाताखालून गेले होते. धुरा द्यायचा आहे, असा एकही नव्हता. त्यामुळे त्या ओळीचा हा अर्थ होऊ शकतो, हे त्यांच्या मनाला शिवलंही नव्हतं. बाईनं तर शब्दही चुकवला नव्हता. करणे म्हणजे करणेच म्हटलं होतं तिनं. चुकले होते ते वाचणारे.

"बाई, जरा सविस्तर सांगता का?" ते म्हणाले, आणि त्यांनी हाताशी कागद ओढला.

तिचं नाव विमलताई. आर्णीच्या पुढं माहूरच्या रस्त्याला फाटा लागतो, तिथून आत तिचं गाव. नवरा सदाशिवराव तीन वर्षांखाली वारला. दोन पोरी, दोघी लग्न होऊन गेलेल्या. साडेचार एकर रान, त्यात पऱ्हाटी आणि मधात तूर. शेजारचं शेत पुंडलिकरावाचं. पुंडलिकराव आणि सदाशिवराव एका वर्गात शिकलेले.

"आमचे हे गेले, पण खोटं कायले बोलू," विमलताई सांगत होत्या. "वखर पाळीच्या वक्ती दरसाल जरा जरा सरकवत गेले. एक बोट, दोन बोट. मी पाह्यत होती. बोलली बी होती एकदा. ते म्हणे, तुले काय समजते. अन आता ह्यो पुंडलिकराव भाऊजी काय करते, माह्या वावरात डवरा घालून देते. मी बाई माणूस, बैल इकून टाकले. ते आपल्या धुऱ्यापासून वळते, म्हणजे त्या सरकवलेल्या धुऱ्यापासून, अन एक शबुद बोलत नाही. दर खेपेले मी पाह्यतो अन मले खाली पाहाव लागते."

"मग त्याइलेच सांगून द्याचं ना."

"काय सांगू? माहा नवरा चोर होता म्हणून? अन किती सरकला ते मले काय माईत? अंदाजानं सांगतलं अन जास्त निंगलं तं? कमी निंगलं तं ते म्हणतीन बाई खोटी. अर्ज केला तं त्याइच्या घरी नोटीस जाते. त्याइले वाटंल, इच्यासाठी एवढं करतो अन ही माह्यावरच मोजणी काढून राह्यली. जवाई म्हणते, कायले उकरता. मग मी कोणाले इचारू? मोबाइलवर बटन दाबून इचारलं."

नंदकिशोरांनी कागदावर फक्त एक आडवी रेघ काढली होती. "नकाशा हाय का तुमच्यापाशी?" त्यांनी विचारलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ते मोटारसायकलवर आर्णीला गेले. मागं प्राची बसली होती, तिनंच हट्ट धरला होता. "मी आजपर्यंत कीवर्ड पाहिले, कीवर्ड टाकणारं माणूस पाहिलं नाही," ती म्हणाली. सोबत लांब टेप, दोन झेंड्या आणि गटाच्या नकाशाची नक्कल होती.

विमलताई फाट्यावरच उभ्या होत्या. उंच, सडपातळ, नऊवारी नाही तर साधी सहावारी, आणि कमरेला मोबाइलची पिशवी. शेतात तुरीची सोंगणी झाली होती. पऱ्हाटीला शेवटच्या वेचणीचा कापूस कुठंकुठं लोंबत होता. नंदकिशोरांनी आधीच स्पष्ट सांगितलं, "ताई, मी आता सरकारी माणूस नाही. ही मोजणी कागदावर कुठंच लागणार नाही. तुमाले खरं काय ते समजाव, एवढ्यापुरती."

"मले तेवढंच पाह्यजे."

नाल्याकडचा हद्दीचा दगड शाबूत होता. पांदणीच्या बाजूचा दगड सापडायला तासभर गेला. तो वेलींखाली मातीत अर्धा बुडाला होता, पण नकाशातल्या तीन शेतांच्या मिळणीवरच होता. सदाशिवरावांनी दगडाला हात लावला नव्हता. फक्त धुरा सरकवला होता. प्राचीनं टेपचं टोक धरलं, नंदकिशोर चालत गेले, दर पन्नास फुटांवर थांबून आकडा लिहीत गेले. नाल्याकडे फरक जवळपास नव्हताच. मधोमध सव्वातीन फूट. पांदणीकडं साडेसहा.

"म्हणजे किती?" विमलताईंनी विचारलं.

"एका टोकाले दोन तास, म्हणजे पऱ्हाटीच्या दोन ओळी, जातीन तुमचे. सगळं मिळून पावणेदोन गुंठ्याच्या वर, दोनच्या आत."

विमलताईंनी मान हलवली. "मले वाटलं होतं पाच-सहा गुंठे असंल," त्या म्हणाल्या, आणि धुऱ्यावर टेकल्या. चेहरा हलका झाला होता की उतरला होता, ते नंदकिशोरांना सांगता आलं नसतं.

तेवढ्यात पांदणीवर एक मोटारसायकल थांबली. पांढरा पायजमा, डोक्याला दुपट्टा, साठीचा माणूस उतरला. लांबूनच त्यानं टेप पाहिला होता.

"वहिनी," तो आला तोच म्हणाला, "मोजणी काढली तुमी? मले एक फोन तं कराचा."

"भाऊजी, बसा..."

"नाही, बसत नाही. मी काय अडवलं होतं का कधी? कोणी सांगतलं तुमाले का माह्याकडं तुमचं रान निंगते म्हणून?"

नंदकिशोर बोलायला पुढं झाले, पण प्राचीनं त्यांच्या बाहीला हात लावला. विमलताई उभ्या राहिल्या. पदर खोचला. कितीतरी महिने त्यांनी हे वाक्य मनात घोकलं असणार, पण ऐनवेळी ते साधंच निघालं.

"तुमच्याकडं माहं काई नाही. माह्याकडं तुमचं हाय. ते द्याचं हाय."

पुंडलिकराव तसेच उभे राहिले. मग त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडला, तोंड पुसलं, आणि बसत नाही म्हणाले होते तरी खाली बसले.

"किती निंगलं?" त्यांनी नंदकिशोरांना विचारलं.

"पांदणीकडून साडेसहा फूट."

"सातचा अंदाज होता माहा."

विमलताई बघतच राहिल्या. "म्हणजे तुमाले माईत होतं?"

"वावर माहं हाय, वहिनी. मले माईत नसंल?"

"मग काहून नाही बोलले?"

पुंडलिकरावांनी मातीचं ढेकूळ उचलून हातात फोडलं. "सुरवातीले बोललो असतो. पण सदाशिव तोंडावर नाही म्हणाला असता, अन मग मलेच मांगं हटता आलं नसतं. पुढं कोर्ट, तारखा. दोन तासाले कोण कोर्टात जाते? म्हटलं, जाऊ दे. मग तो गेला अन विषयच संपला. आता तुमी काढला."

नाल्याकडून कोणाच्या तरी पंपाचा आवाज येत होता.

"पोराइले नाही सांगतलं मी," पुंडलिकराव थोड्या वेळानं म्हणाले. "ते म्हणले असते, आमचा बाप भेकड. आता धुरा सरकला म्हणजे ते इचारतीन."

"त्याइले मी सांगतो," विमलताई म्हणाल्या. "माह्या तोंडानं."

नंदकिशोरांनी कागदाचं समजावून सांगितलं. सातबाऱ्यावर दोघांचं क्षेत्र नकाशाप्रमाणेच होतं. ही पट्टी कागदावर कधी विमलताईंची झालीच नव्हती, त्यामुळे कागद बदलायचाच नव्हता. बदलायची होती ती माती. दोघांनी राजीखुशीनं जुन्या दगडांच्या रेषेत धुरा टाकला की झालं, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन एक साधा कागद लिहून ठेवला तर आणखी बरं.

अडचण निघाली ती निंबाच्या झाडाची. ते सदाशिवरावांनी सरकवलेल्या धुऱ्यावर लावलं होतं, चांगलं बारा वर्षांचं. धुरा मागं गेला की झाड पुंडलिकरावांच्या शेतात चार फूट आत जाणार होतं. विमलताईंची नजर झाडावरून हलेना.

"झाड ऱ्हाऊ द्या," पुंडलिकराव म्हणाले. "तिथं धुरा जरासा वळवून घेऊ."

"वळवून?" नंदकिशोरांच्या तोंडून निघून गेलं. नकाशात तिथं सरळ रेघ होती. वाकडी हद्द त्यांनी जन्मात आखून दिली नव्हती.

"साहेब, तुमी सरकारी नाही ना आता?" पुंडलिकराव म्हणाले.

प्राची हसली, आणि मग नंदकिशोरांनाही हसावंच लागलं. उलंगवाडी झाल्यावर, म्हणजे पऱ्हाट्या उपटून रान मोकळं झालं की धुरा टाकायचा, असं ठरलं.

घरी आल्यावर नंदकिशोरांनी जुनं पान काढून टाकलं नाही. त्याच्या शेजारी दुसरं लिहिलं. 'शेजाऱ्याला धुरा वापस द्यायचा असेल तर'. त्यात नावं-गावं काही घातली नाहीत. खासगीत मोजून कसं घ्यायचं, नोटीस जाण्याआधी घरी जाऊन कसं सांगायचं, कागद बदलावा लागतो का, झाड असेल तर काय, हे सगळं त्यांनी साध्या बोलीत लिहिलं. प्राचीनं एक शब्दही बदलला नाही, फक्त पहिल्या ओळीत 'वापस' हा शब्द पुढं आणला.

पहिल्या महिन्यात त्या पानावर सात माणसं आली. पण ती चार-चार मिनिटं थांबली. वाशीमकडच्या एका माणसानं फोनही केला. त्याच्या आजोबांनी पांदणीतला तुकडा शेतात घेतला होता, आणि आता गावाला रस्ता पाहिजे होता. प्राचीनं तिच्या कंपनीच्या बैठकीत ही गोष्ट सांगितली. तिथं सगळ्यांनी कौतुकानं ऐकली आणि मग पुन्हा तव्यांच्या आकड्यांवर बोलायला लागले, असं तिनं जेवताना सांगितलं.

मार्चच्या मध्यात विमलताईंचा फोन आला, आणि नंदकिशोर पुन्हा गेले. रान काळंशार मोकळं पडलं होतं. पुंडलिकरावांनी ट्रॅक्टर आणला होता, दोन्ही पोरं सोबत होती. ती गप्प होती, पण काम करत होती. नंदकिशोरांनी दोन दगडांच्या मधात दोरी ताणून दिली. जुना धुरा फोडायला दोन तास लागले, नवा चढवायला दुपार झाली. झाडापाशी आल्यावर पुंडलिकरावांनी स्वतः फावडं घेतलं आणि मातीची वळकटी निंबाच्या पलीकडून फिरवून पुन्हा दोरीला आणून लावली. नंदकिशोरांना ते वळण डोळ्यांत खुपत होतं. तरी त्यांनी ते पायानं दाबून घट्ट केलं.

जेवणं झाल्यावर विमलताई भांडी आवरायला गेल्या, पोरं ट्रॅक्टरपाशी गेली. पुंडलिकराव झाडाच्या सावलीत नंदकिशोरांजवळ सरकले.

"साहेब, एक इचारतो. वहिनी सांगत होती का तुमाले यादी येते. लोकाइनं मोबाइलमंदी काय इचारलं ते दिसते म्हणे."

"दिसते."

"नाव बी येते का?"

"नाव नाही येत. कोणत्या गावाहून आलं, ते बी नाही. निस्ता प्रश्न येते."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग बरं हाय," पुंडलिकराव म्हणाले, आणि त्यांनी हातातली काडी दूर फेकली.

नंदकिशोर त्यांच्याकडे वळले. "काहून? तुमी काय इचारलं होतं?"

पुंडलिकराव हसले. चांगले मिशांतून, डोळ्यांतून हसले, आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. "तुमी लिवत राहा," ते म्हणाले, आणि पोरांना हाका मारत ट्रॅक्टरकडे गेले.

नंदकिशोरांच्या जिभेवर दुसरा प्रश्न आला होता. तो त्यांनी विचारला नाही. मोटारसायकल फाट्याला लागली, आर्णी मागं गेली, तरी ते मनातल्या मनात यादीतली एकेक ओळ काढून पाहत होते, की ह्यांच्यातली त्या माणसाची कोणती असेल.